तुटक रेघेचा पाइप

पाणीपुरवठा कचेरीत नकाशांची एक खोली आहे. त्या खोलीत एकतीस वर्षं नोकरी केलेल्या एका बाईची ही हकीकत. कचेरीच्या कागदोपत्री तिचा हुद्दा 'अनुरेखक', म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईने त्याची हुबेहूब प्रत काढणारी. तोंडी सगळे तिला ट्रेसरताई म्हणतात. मी तिला सातवीत भूमिती शिकवली आणि आता आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती दुसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. त्यामुळे तिच्या कचेरीतली निम्मी माणसं मला न भेटताच ओळखीची झाली आहेत. तिला अहो-जाहो करणं या वयात मला जमायचं नाही, तेव्हा 'ती'च म्हणतो.

सातवीत तिची वही गठ्ठ्यातून लगेच ओळखू यायची. बाकीची मुलं समासाची रेघ पट्टीने ओढत. ही पट्टीशिवाय ओढायची आणि मग तिला पट्टी लावून मला दाखवायची.

कचेरीत तिचं टेबल काचेचं, आणि काचेखाली ट्यूबलाइट. हाताशी निरनिराळ्या जाडीच्या शाईपेनांचा डबा, चुकलेली शाई खरवडायला अर्धं ब्लेड, आणि कागदाचा तेलकटपणा घालवायला तोंडाला लावायच्या पावडरचा एक डबा. एवढी पावडर हिने स्वतःच्या चेहऱ्याला लावली असती तर लग्नाचे फोटो बरे आले असते, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. तो स्वतः त्या फोटोंत डोळे मिटून उभा आहे, हे तो सांगत नाही.

पाण्याच्या नकाशाची भाषा सोपी असते. मोठा पाइप जाड रेघेने, गल्लीतला बारीक रेघेने, आणि पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह म्हणजे फुलीचा छोटा गोल. पण खरी महत्त्वाची ती तुटक रेघ. जमिनीत पुरलेला पाइप जुना झाला की तो उकरून काढायला कुणी जात नाही. त्याचं पाणी तोडतात, शेजारून नवा टाकतात आणि जुना तसाच मातीत पडून राहतो. म्हणजे रस्त्याखाली काही पाइप चालू, काही नुसते झोपलेले, आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. कुठला चालू आणि कुठला झोपलेला हे नकाशातल्या तुटक रेघेवरून कळतं; तुटक रेघेवरचे व्हॉल्व्हचे गोल तसेच ठेवतात, पण ते धरायचे नसतात. ट्रेसरताईची तुटक रेघ बघण्यासारखी असते. प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा, प्रत्येक फट सारखी, आणि हे सगळं नुसत्या हाताच्या अंदाजाने.

हा नकाशा ज्याच्यासाठी काढायचा, तो चावीवाला मात्र नकाशा कधी उघडत नसे. व्हॉल्व्ह फिरवायची माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्लीबोळांतून फिरे. ताईने नकाशा पुढे केला की म्हणे, "माझा नकाशा माझ्या तळपायात आहे." भिंतीपासून चौदा पावलं, खांबापासून नऊ, असं सगळं त्याला पाठ. तरी रोज सकाळी तिच्या खोलीत डोकावल्याशिवाय तो कामाला निघायचा नाही.

असं सुरळीत चाललेलं असताना कचेरीत नवे मोठे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण घाईचा. आल्या आल्या त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या आणि नकाशांच्या खोलीत नव्या मीटरची खोकी ठेवायची ठरवली. कागदाचे नकाशे कपाटात जातील आणि ट्रेसरताईंनी निवृत्तीपर्यंत आवक-जावक विभागात बसावं, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या पत्रांवर शिक्के मारावेत. निवृत्तीला दोन वर्षं चार महिने होते.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. रडणाऱ्यांतली ती नव्हे. माझ्या टेबलावरच्या सातही पेन्सिलींना तिने एकापाठोपाठ एक टोक काढलं. सातवी झाल्यावर म्हणाली, "सर, दोन वर्षं चार महिने रेघच ओढायची नाही, म्हणजे या हाताने करायचं काय?"

उत्तर तिला माझ्याकडून नको असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि नकाशांचा नेमका दोष काय, ते विचारलं. साहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. कागद फाटतो, मूळ प्रत एकच, आणि काम रस्त्यावर अडलेलं असताना नकाशा कपाटात असतो. आता हे सगळं संगणकाच्या पडद्यावर असायला हवं. ती म्हणाली, मग पडद्यावर काढते. साहेबांना हसू आलं. तिने संगणकाला कधी हात लावलाय का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, रोज सकाळी त्याच्यावरची धूळ मीच पुसते.

हे उत्तर साहेबांना आवडलं असावं. त्यांनी सहा आठवड्यांची मुदत दिली. टाकीखालच्या भागाचा एकच नकाशा पडद्यावर आणायचा. मुदत संपली की चावीवाल्याने तो पडद्यावर वाचून कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे ते सांगायचं. बरोबर आलं तर खोली तिची. नाही आलं तर खोकी आत, ती बाहेर.

आता शिकवणार कोण? उत्तर घरातच होतं, पण तिथपर्यंत पोचायला तिला दोन दिवस लागले. तिची सून घरी बसून संगणकाचे प्रोग्राम लिहिते. सासू-सुनेचं वाकडं नव्हतं. पंखा किती वेगाने फिरावा आणि ओला टॉवेल कुठे वाळत घालावा, एवढ्याच दोन विषयांवर त्यांचं बोलणं होई, आणि दोन्ही विषयांवर मतभेद होते. तिसऱ्या दिवशी ट्रेसरताई नवी वही घेऊन सुनेच्या टेबलाशी गेली, खुर्ची ओढून बसली आणि वहीत समास आखला. सून समजली. म्हणाली, "आई, सहा आठवडे फार कमी आहेत. मी रागावले तर रागवायचं नाही."

"तू रागाव. मी लिहून घेते."

सून चांगली शिकवते, हे मी जिन्यात उभा राहून दोन-तीनदा ऐकलं आहे. तिने पहिल्या दिवशी सांगितलं, की पडद्यावर खिडक्या, बटणं, रेघा काढायला लागणारी हत्यारं प्रत्येकाने घडवायची नसतात. ती आधीच कुणीतरी घडवून एका पेटीत ठेवलेली असतात. सुतार जसा रंधा घरी ओतत नाही, तशी आपण ती पेटी उघडायची आणि हवं ते हत्यार घ्यायचं. या पेटीला टूलकिट म्हणतात. त्यातली खिडकी घ्यायची, खिडकीत एक कोरा कॅनव्हास लावायचा आणि त्यावर पेनने रेघ काढायची.

सासूबाई तोवर वहीत लिहून घेत होत्या. 'पेन' म्हटल्यावर मान वर झाली. या पेनला रंग असतो? असतो. जाडी असते? असते, आकड्यात सांगायची. तुटक रेघेचं पेन? तेही असतं. रंगाचे ठिपके किती आणि रिकामे किती, ते सांगितलं की झालं. यावर ती म्हणाली, "मग हे आमच्यातलंच काम आहे. उगाच घाबरवलंत तुम्ही लोकांनी."

पहिली रेघ आली ती तिरपी होती आणि तिला पायऱ्या होत्या. ताईने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. ही रेघ आहे की जिना, असं तिने विचारलं. पडदा बारीक बारीक चौकोनांचा असतो, म्हणून तिरप्या रेघेला दात दिसतात, असं सांगून सुनेने रेघेच्या कडा मऊ करायची सोय चालू केली. जिन्याची पुन्हा रेघ झाली. ताई म्हणाली, एवढी सोय हाताशी असताना ती बंद ठेवणारा माणूस आळशी असला पाहिजे.

मग टाकीची पाळी आली. पाण्याची टाकी टेकडीवर आणि टेकडी नकाशाच्या वरच्या अंगाला. तिने रीतसर मोजून टाकी वर ठेवली, आणि प्रोग्राम चालवल्यावर टाकी पडद्याच्या तळाशी आली. सगळी घरं वर आणि टाकी खाली. नवरा मागून म्हणाला, आता घरोघरच्या नळांतून टाकीत पाणी चढणार. सुनेने समजावलं, की इथे आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली जावं तसा आकडा वाढत जातो. हे ऐकून ताई वही घेऊन सरळ माझ्या दारात आली.

"सर, वर म्हणजे धन आणि खाली म्हणजे ऋण, असं तुम्हीच शिकवलं होतंत ना?"

मी म्हटलं, चौतीस वर्षं तेच शिकवलं आणि आजवर वरून किंवा खालून कुणाचीच तक्रार आली नव्हती. ती तिथेच दारात उभ्या उभ्या विचार करत राहिली. मग म्हणाली, पडद्याच्या उंचीतून प्रत्येक आकडा वजा केला की झालं, नाही का? झालं, म्हटलं. ती वर गेली. अर्ध्या तासाने वरून हाक आली, टाकी टेकडीवर चढली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र खरं भांडण झालं. तिने चार गल्ल्या काढल्या होत्या. दाराची घंटा वाजली म्हणून सुनेने शिकवल्याप्रमाणे खिडकी खाली दडवली आणि परत येऊन वर आणली, तर कॅनव्हास कोरा. सुनेच्या लेखी ही रोजची गोष्ट. कॅनव्हास काही लक्षात ठेवत नाही. खिडकी झाकली जाऊन पुन्हा दिसू लागली की ती प्रोग्रामला म्हणते, काढ पुन्हा. प्रोग्रामने दर वेळी पहिल्यापासून सगळं काढायचं. ताईला हे पटेना. शाईच्या कामात एकदा ओढलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा पेन फिरवणं म्हणजे गुन्हा, कारण रेघ जाड होते आणि गल्लीतला पाइप मोठा दिसू लागतो. एकतीस वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं आणि आता दर वेळी सगळंच पुन्हा? सुनेचंही त्या दिवशी डोकं तापलेलं होतं. ती म्हणाली, तसं असेल तर खिडकी कधी हलवूच नका, तिच्यापुढे पहारा द्या.

दोन दिवस सगळा संवाद ताईच्या नवऱ्यामार्फत. 'तुझ्या सासूला सांगू का, की चहा झालाय' इथपर्यंत त्या माणसाची तयारी झाली होती. तिसऱ्या दिवशी ताईने वहीचं एक पान उघडून सुनेपुढे ठेवलं. त्यावर तिने चार गल्ल्यांचे सगळे बिंदू क्रमाने लिहून काढले होते. म्हणाली, "म्हणजे जपायचे ते बिंदू. रेघ काय, कितीदाही निघेल. असंच ना?" सून म्हणाली, असंच. त्या दिवशी पंखा सासूबाईंच्या मनाप्रमाणे फिरला.

यानंतर घोडं धावू लागलं. ती मूळ नकाशावर मिलिमीटरच्या चौकटीचा पारदर्शक कागद टाके, भिंग डोळ्याला लावी आणि प्रत्येक पाइपच्या टोकांचे आकडे वहीत उतरवी. सरळ पाइपला दोन बिंदू पुरतात. वळणाला जास्त लागतात, कारण पडद्यावरचं वळण म्हणजे छोट्या छोट्या सरळ रेघांची साखळी. टेकडीच्या पायथ्याला वळसा घालून जाणारा एक जुना, बंद पाइप होता. सून म्हणाली, त्याला दहा बिंदू घ्या, छान दिसेल. ताईने दहा घेऊन पाहिले आणि तिला कोपरे दिसले. सुनेला दिसले नाहीत, नवऱ्याला दिसले नाहीत, मला बोलावून दाखवलं तर मलाही दिसले नाहीत. तिने एकशे चाळीस बिंदू घेतले. त्या वळणाला तीन संध्याकाळी गेल्या. साध्या पेनने काढलेलं ते वळण खरोखरच फार देखणं आलं होतं. ती लांबून, जवळून, मान तिरकी करून त्याच्याकडे बघत बसली.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं काम उरलं होतं. जुन्या पाइपांचं साधं पेन बदलून तुटक करायचं. असे पाइप अकरा होते. तिने प्रोग्राममध्ये एकाच जागी पेन बदललं, पडद्यावर बाजाररस्त्याचा सरळ पाइप पाहिला, तो सुरेख तुटक आला होता, म्हणून प्रोग्राम कचेरीत न्यायला पेनड्राइव्हवर घेतला आणि संगणक बंद केला. शितावरून भाताची परीक्षा केली. एकतीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं, पण बाकीची शितं काचेच्या टेबलावर स्वतःच्या हाताने शिजवलेली असत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेब नकाशांच्या खोलीत आले. चावीवाला आधीच येऊन पडद्यासमोर चावीला टेकून उभा होता. साहेबांनी टेकडीच्या पायथ्याशी, दवाखान्याच्या गल्लीवर बोट ठेवलं. इथे पाइप फुटला आहे असं समजा, कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे? आणि पाठ असलेलं सांगायचं नाही, इथे दिसतं ते सांगायचं.

चावीवाल्याने वाकून रेघा बघितल्या. बोटाने हवेत मोजल्यासारखं केलं. ताईकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, पडद्यावर बघून सांगायचं तर तीन. डोक्यातून सांगायचं तर दोन."

"तिसरा कुठला?"

"टेकडीच्या वळणाचा. पण तो व्हॉल्व्ह मीच उपटून काढलाय, एकोणीस वर्षं झाली. त्या पाइपात आता बेडूक राहतात."

ताईने पडद्याकडे पाहिलं. टेकडीला वळसा घालणारा तिचा लाडका पाइप वळणभर अखंड, ठसठशीत रेघेने उभा होता. चालू पाइपांत चालू. बाजाररस्त्याचा तुटक, शाळेमागचा तुटक, आणि हा मात्र सलग. साहेबांना काय झालं ते कळलं, पण ते वाईट बोलले नाहीत. राहू द्या बाई, म्हणाले, हे यंत्र असं कधीकधी करतं, आणि घड्याळात बघितलं.

यंत्रावर ढकलायची वाट अशी आयती मोकळी झाली होती. ती म्हणाली, "यंत्राचं नाही, साहेब. चूक माझी आहे. कुठे ते मला आत्ता सांगता येणार नाही. चार वाजेपर्यंत द्या."

साडेचारला साहेबांची बैठक होती. सव्वाचारला येतो म्हणाले आणि गेले.

चावीवाला मागे रेंगाळला. त्याला आपण मैत्रीण बुडवली असं वाटत होतं. खाली बघत म्हणाला, मी दोनच सांगितले असते तर निभावलं असतं, ताई. ती म्हणाली, "आज निभावलं असतं. पुढच्या वर्षी तुमच्या जागी नवा माणूस आला असता आणि लोकांचं पाणी वाहून जात असताना तो तिसरा व्हॉल्व्ह शोधायला रस्ता खणत बसला असता. बरं केलंत." मग त्याला कामाला पिटाळलं.

तिने सुनेला फोन लावला. सून बैठकीत होती, फोन उचलला गेला नाही. पुन्हा लावला नाही. जेवणाचा डबा उघडला नाही. टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि ते पडद्याला लावून टेकडीचा पाइप टोकापासून बघायला सुरुवात केली. हे ती जसं मला सांगते तसंच सांगतो. पाइपचा सुरुवातीचा भाग सरळ होता आणि तो नीट तुटक होता. वळण सुरू झालं की रेघ सलग. वळण संपून पुन्हा सरळ झालं की पुन्हा तुटक. म्हणजे पेन बरोबर होतं. घोडं पेंड खात होतं ते वळणावर.

सरळ भागाला तिने दोन बिंदू घेतले होते, वळणाला एकशे चाळीस. तिने एक कोरी खिडकी उघडली आणि प्रयोग केला. एक रेघ दोन बिंदूंची. तिच्याखाली तेवढ्याच लांबीची दुसरी, पन्नास तुकड्यांची. दोन्हींना तेच तुटक पेन. वरची तुटक आली. खालची सलग.

ते बघून तिने बोटांवर ठिपके मोजले, आणि मग तिला हसू आलं. तिचं तुटक पेन आठ ठिपके रंगाचे आणि पाच रिकामे असं मोजत जाई. पण ती दोन दोन बिंदू देऊन एकेक रेघ काढायला सांगत होती. दर रेघेला पेन उचललं जाई, पुन्हा टेके आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होई. वळणावरच्या दोन बिंदूंत अंतर होतं तीन ठिपक्यांचं. तीन ठिपके रंग, पेन उचला. पुन्हा तीन ठिपके रंग, पेन उचला. रिकाम्या पाचांची पाळी यायचीच नाही. तिने दहाच बिंदू घेतले असते तर रेघ ओबडधोबड का होईना, तुटक दिसली असती. सुबक वळणाच्या हौसेने पाइपात पाणी भरलं होतं.

वहीची मागची पानं तिने चाळली. पहिल्या आठवड्यात सुनेने दोन हत्यारं सांगितली होती. एक, दोन बिंदूंमधली रेघ. दुसरं, बिंदूंची अख्खी यादी एकदम देऊन त्या सगळ्यांतून जाणारी एकच रेघ. तिने पहिलंच धरलं होतं, कारण एका वेळी एकच रेघ नीट ओढावी, ही तिची जन्माची सवय. आता तिने यादी दिली. पेन न उचलता. वळण तुटक झालं. एकशे चाळीस बिंदूंवरून तुकडे आणि फटी सारख्या अंतराने चालत गेल्या, अगदी तिच्या हातच्यासारख्या.

या खेपेला तिने एका शितावर भागवलं नाही. अकराच्या अकरा जुने पाइप भिंग लावून टोकापासून टोकापर्यंत पाहिले. आणखी दोन वळणं तशीच फसली होती, तीही सुधारलेली दिसली. मग चालू पाइप पाहिले. मग खिडकी मुद्दाम दडवली, वर आणली, लहान-मोठी केली. तीन वाजून पन्नास मिनिटांनी डबा उघडला.

सव्वाचारला साहेब आले, चावीवाला आला. दवाखान्याच्या गल्लीचे दोन व्हॉल्व्ह. पडद्यावर दोन, डोक्यातही दोन. साहेबांनी बाजाररस्ता विचारला. पडद्यावर तीन, डोक्यात तीन. जाता जाता त्यांनी शाळेमागच्या वस्तीवर बोट ठेवलं. चावीवाला न बघताच म्हणाला, एक. मग साहेबांचा नियम आठवून वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"इथे दोन दिसतायत, ताई. हे तुमचं परत काहीतरी..."

ताईने विचारलं, गेल्या वर्षी तुम्ही पाय मोडून महिनाभर घरी होतात, ते कधी? त्याच महिन्यात तिथे नवी जोडणी झाली होती, आणि दुसरा व्हॉल्व्ह तेव्हाचा. त्याने कागद उघडला असता तर तिथेही दिसला असता. चावीवाल्याने डोकं खाजवलं. म्हणाला, "म्हणजे पाय घरी असला की नकाशाही घरीच राहतो." साहेब पहिल्यांदा मोकळे हसले, पण निर्णय न सांगताच बैठकीला गेले.

संध्याकाळी सून घाबरीघुबरी होऊन दारातच उभी. दुपारी फोन आला होता, काय झालं होतं? सासूने वही उघडून तिला दोन रेघांचा प्रयोग दाखवला. सून वहीवर वाकली. म्हणाली, आई, मी इतकी वर्षं हे काम करते, पण हे मला कधी पाहायला मिळालं नव्हतं, कारण एका वळणाला एकशे चाळीस बिंदू कुणी घेतच नाही. ही स्तुती होती की टोमणा, यावर घरात दोन मतं आहेत.

त्यानंतर आठ दिवस काहीच नाही. साहेब जिन्यात भेटले तर नमस्कार करून पुढे जात. मीटरची खोकी ओसरीवर येऊन पडली होती आणि ती येता-जाता त्यांना वळसा घाली. रोज संध्याकाळी ती माझ्या दारावरून जाताना मी नुसता बघे आणि ती नुसती मान हलवी.

नवव्या दिवशी आवक-जावकचे कारकून स्वतः तिच्या खोलीत आले. हुकूम त्यांच्याच रजिस्टरातून जाणार, त्यामुळे तो सगळ्यांआधी त्यांनी वाचलेला. चेहरा उतरलेला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. अनुरेखक यांनी नकाशा कक्षातच राहून उरलेले त्रेचाळीस नकाशे निवृत्तीपूर्वी संगणकावर आणावेत. मीटर अन्यत्र ठेवावेत. तिने कागद दोनदा वाचला आणि बोटांवर हिशेब केला. महिन्याला पावणेदोन नकाशे काढले तर शेवटी दीड महिना उरतो. मग कारकुनांचा चेहरा बघून तिने विचारलं, तुम्हाला काय झालं?

"तुम्ही येणार म्हणून मी बारा कोरी रजिस्टरं बाजूला ठेवली होती, ताई. रकाने आखून घ्यायचे होते तुमच्याकडून."

ती म्हणाली, आणा, रोज जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी करू. कारकून लगोलग दोन घेऊन आले. तिने काचेखालचा दिवा लावला, पहिलं रजिस्टर उघडून सपाट केलं आणि किती रकाने हवेत ते विचारलं. सात, म्हणाले. तिने पट्टी बाजूला सरकवली.